मोतीबिंदूची वेटिंग लिस्ट आणि न मोजलेले महिने

2008 साली ऑस्ट्रेलियात मूळनिवासी समाजाच्या डोळ्यांची देशभर पाहणी झाली. मेलबर्न विद्यापीठातले नेत्रतज्ज्ञ ह्यू टेलर हे तिचे प्रमुख होते. पाहणीत शाळकरी मुलंही तपासली गेली आणि चाळिशीपुढची माणसंही. मुलांचा निकाल असा, की ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर मुलांची नजर इतर ऑस्ट्रेलियन मुलांपेक्षा चांगली निघाली. मोठ्यांचा निकाल बरोबर उलटा. चाळिशीपुढच्या मूळनिवासींमध्ये अंधत्वाचं प्रमाण इतरांच्या सहा पट होतं, आणि मोतीबिंदूमुळे आलेल्या अंधत्वाचं तर बारा पट.

म्हणजे जन्मतः मिळालेला डोळा उत्तम होता. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत जे झालं त्याचा हा हिशेब आहे. त्या हिशेबातला एक छोटा भाग म्हणजे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी थांबावं लागणारा काळ. मूळनिवासी रुग्णांना इतरांपेक्षा जास्त थांबावं लागतं, हे तिथल्या सरकारी आकडेवारीतून वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. पण ‘जास्त’ म्हणजे किती हे समजून घ्यायचं तर आधी तिथे घड्याळ कुठे सुरू होतं आणि कुठे बंद पडतं ते पाहावं लागतं. सगळी गोम तिथेच आहे.

आपल्याकडे मोतीबिंदू म्हटलं की दोन वाटा डोळ्यांसमोर येतात. पैसे असले तर खासगी दवाखाना, तारीख पुढच्या आठवड्यातली. नसले तर शिबिर किंवा जिल्हा रुग्णालय : गावात तपासणी, गाडीतून रुग्णालयात, ऑपरेशन, हिरवी पट्टी किंवा काळा चष्मा, परत गाव. वेटिंग लिस्ट हा प्रकार आपल्या बोलण्यात रेल्वेच्या तिकिटापुरताच येतो. ऑस्ट्रेलियात मात्र सरकारी आरोग्यव्यवस्था त्या यादीवरच चालते. 1984 पासून तिथे मेडिकेअर आहे. सरकारी रुग्णालयात ऑपरेशन फुकट होतं, पण तातडीचं नसेल तर यादीत नाव लावायचं आणि बोलावणं येईपर्यंत थांबायचं. थांबायचं नसेल तर खासगी विमा काढायचा किंवा हजारो डॉलर खिशातून भरायचे. देशातली मोतीबिंदूची बहुसंख्य ऑपरेशनं खासगी रुग्णालयांतच होतात. त्यामुळे सरकारी यादीत कोण उरतं, याचं उत्तर बऱ्यापैकी आधीच ठरलेलं असतं. सुमारे निम्म्या ऑस्ट्रेलियन लोकांकडे खासगी आरोग्य विमा आहे. मूळनिवासींमध्ये हे प्रमाण त्याहून कितीतरी कमी आहे.

यादीत तीन गट असतात. पहिल्या गटाचं ऑपरेशन 30 दिवसांत व्हावं, दुसऱ्याचं 90 दिवसांत, तिसऱ्याचं 365 दिवसांत. मोतीबिंदू बहुतेक वेळा तिसऱ्या गटात जातो, कारण त्याने जीव जात नाही आणि दुखतही नाही. एक वर्ष थांबवलं तरी कागदावर ते ‘वेळेत’ धरलं जातं.

आता घड्याळाकडे येऊ. समजा, किंटोरमध्ये राहणाऱ्या अठ्ठावन्न वर्षांच्या एक बाई आहेत. किंटोर ही वाळवंटातली छोटी वस्ती, ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला 500 किलोमीटरहून दूर. बाईंना धुरकट दिसतं. वस्तीतल्या दवाखान्यातली नर्स म्हणते, डोळे तपासायला हवेत. डोळे तपासणारा ऑप्टोमेट्रिस्ट तिथे राहत नाही, तो वर्षातून ठरावीक वेळा फेरीवर येतो. बाई पुढच्या फेरीची वाट पाहतात. तो येतो, मोतीबिंदू आहे म्हणतो आणि डोळ्यांच्या सर्जनसाठी चिठ्ठी देतो. चिठ्ठी ॲलिस स्प्रिंग्जच्या रुग्णालयात पोहोचते. मग सर्जनच्या ओपीडीची तारीख मिळायची. ती येते, बाई जातात, सर्जन तपासतात आणि म्हणतात, ऑपरेशन करू या. त्या दिवशी बाईंचं नाव यादीत लागतं.

आणि त्या दिवशी घड्याळ सुरू होतं.

आधीचे सगळे महिने, म्हणजे फेरीची वाट, चिठ्ठीची वाट, ओपीडीची वाट, ‘शस्त्रक्रियेसाठीचा प्रतीक्षाकाळ’ या राष्ट्रीय आकड्यात येत नाहीत. तिथले लोक याला लपलेली यादी म्हणतात, कधी वैतागून यादीत शिरण्यासाठीची यादीही म्हणतात. काही राज्यं ओपीडीच्या प्रतीक्षेचे आकडे जाहीर करतात, पण बातमीत आणि विधानसभेतल्या वादावादीत जो आकडा फिरतो तो सहसा दुसऱ्या टप्प्याचाच असतो.

इथे आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती बाहेरच्या माणसाच्या लक्षात चटकन येत नाही. ऑस्ट्रेलियात बरेच सर्जन सरकारी रुग्णालयातही काम करतात आणि स्वतःचा खासगी दवाखानाही चालवतात. ज्याला परवडतं तो सर्जनला खासगीत पैसे देऊन दाखवतो आणि तिथूनच त्याचं नाव सरकारी यादीत लागू शकतं. ऑपरेशन फुकटच होतं, फक्त ओपीडीची रांग चुकते. यात बेकायदा काही नाही. पण पहिली रांग पैशाने ओलांडता येते, आणि मोजली जाते ती फक्त दुसरी. सिडनी-मेलबर्नमध्ये आई-वडिलांसाठी धावपळ केलेल्या मराठी मंडळींना हा रस्ता ठाऊक असेल. किंटोरच्या बाईंना तो असून नसल्यासारखा आहे, कारण जवळपास खासगी दवाखानाच नाही.

घड्याळ सुरू झालं तरी ते सलग चालत नाही. ऑपरेशनआधीच्या तपासणीत बाईंची साखर वाढलेली निघाली, तर त्यांची नोंद ‘तूर्त तयार नाही’ अशी होते. ते दिवस प्रतीक्षेतून वगळले जातात. वैद्यकीयदृष्ट्या हे रास्त आहे, कारण साखर आटोक्यात नसताना डोळा उघडणं धोक्याचं. पण ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासींमध्ये मधुमेहाचं प्रमाण इतरांच्या जवळपास तिप्पट आहे, आणि मधुमेहात मोतीबिंदू लवकर येतो. ज्या आजारामुळे मोतीबिंदू लवकर आला त्याच आजारामुळे ऑपरेशन पुढे जातं, आणि ते पुढे गेलेले दिवस हिशेबात दिसत नाहीत. बाई घरी बसून धुरकटच पाहत असतात. आकड्यात मात्र त्या थांबलेल्या नसतात.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रतीक्षेचा जाहीर आकडा मध्यकाच्या रूपात दिला जातो. मध्यक म्हणजे काय? वर्षभरात ज्यांचं ऑपरेशन झालं त्या सगळ्यांना कमी थांबलेल्यापासून जास्त थांबलेल्यापर्यंत ओळीने उभं करायचं आणि अगदी मधल्या माणसाला विचारायचं, तू किती दिवस थांबलास? तो सांगेल तो मध्यक. सरासरीपेक्षा हा प्रामाणिक, कारण दोन-चार माणसं अतोनात थांबली म्हणून तो फुगत नाही. सोबत अजून एक आकडा असतो : शंभरातल्या नव्वदाव्या माणसाचा. शेपटीकडच्यांचं काय झालं ते त्यावरून कळतं.

पण ओळीत उभं कोण आहे? ज्यांचं ऑपरेशन झालं तेच. जे अजून थांबले आहेत ते ओळीत नाहीत. जे कंटाळून, घाबरून किंवा पत्ता बदलल्यामुळे यादीतून गळले, ते नाहीत. ज्यांना सर्जनच भेटला नाही ते तर मुळातच नाहीत. म्हणून दोन गटांतल्या मध्यकांत काही आठवड्यांचाच फरक दिसला, तर ‘चला, एवढंच ना’ असं म्हणून पुढे जाता येत नाही. शेवटपर्यंत पोहोचलेल्या मूळनिवासी रुग्णाची आणि शेवटपर्यंत पोहोचलेल्या इतर रुग्णाची ती तुलना आहे. न पोहोचलेले दोन्हीकडे वगळलेले आहेत, आणि ते एका बाजूला बरेच जास्त आहेत.

किती जास्त, याचा अंदाज वेगळ्या मोजमापातून येतो. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय नेत्र पाहणीत माणसं रुग्णालयाच्या नोंदीतून न घेता वस्त्यांमध्ये, शहरांमध्ये जाऊन तपासली होती. तिथला प्रश्न साधा होता : मोतीबिंदूच्या ऑपरेशनची गरज ज्यांना पडली, त्यांतल्या किती जणांना ते मिळालं? मूळनिवासी नसलेल्यांत जवळपास 88 टक्के. मूळनिवासींत सुमारे 61 टक्के. हा फरक यादीतल्या आठवड्यांच्या फरकापेक्षा कितीतरी बोलका आहे, कारण यात यादीबाहेरची माणसंही धरली आहेत. मला विचाराल तर मध्यकाची तुलना छापणाऱ्या प्रत्येक तक्त्याशेजारी हे दोन आकडे छापायला हवेत.

रुग्णालयातल्या नोंदीही पूर्ण नसतात. दाखल होताना प्रत्येकाला ‘तुम्ही ॲबोरिजिनल किंवा टोरेस स्ट्रेट आयलंडर आहात का?’ असं विचारण्याचा नियम आहे. काउंटरवरचा कारकून कधी विचारत नाही, चेहरा पाहून खूण करतो. कधी रुग्णच सांगत नाही, कारण सांगितल्यावर वागणूक बदलल्याचा अनुभव त्याच्या गाठीशी असतो.

आता कारणं. पहिलं कारण सगळ्यांना सुचतं ते अंतर. ते खरं आहे, पण अर्धंच. ऑस्ट्रेलियात मूळनिवासी म्हटलं की लाल माती आणि वाळवंट आठवतं, प्रत्यक्षात दुर्गम भागात राहणारे साधारण 15 टक्केच आहेत. बाकीचे शहरांत आणि मध्यम-छोट्या गावांत राहतात. रुग्णालय बसच्या अंतरावर असूनही जे थांबतात, त्यांचं थांबणं किलोमीटरवर ढकलता येत नाही.

तिथे बाकीच्या गोष्टी सुरू होतात. पत्राने आलेली तारीख : घर बदललं की पत्र जुन्या पत्त्यावर. दोन तारखा चुकल्या की नाव यादीतून काढलं जातं आणि कागदावर शेरा पडतो, ‘रुग्ण आला नाही’. का आला नाही, हा रकाना नसतो. घरात मृत्यू झाला तर मूळनिवासी कुटुंबात दूरदूरच्या नातलगांनी जमून दिवसच्या दिवस विधी पाळायचे असतात. त्यातून ऑपरेशनला उठून जाणं नात्याच्या दृष्टीने अशक्य. आपल्याकडे सुतकात कुणी तारीख घेत नाही, हे कुणाला समजवावं लागत नाही. तिथे तेवढ्यासाठी नातं सांगणारा, भाषा जाणणारा समन्वयक लागतो, आणि जिथे तो नेमला आहे तिथे माणसं येतात. शिवाय रुग्णालयाची भीती. ती अंधश्रद्धा म्हणून झटकण्यासारखी नाही. मूळनिवासी मुलांना आई-वडिलांपासून हिरावून नेणाऱ्या सरकारी धोरणांच्या आठवणी आजच्या साठीतल्या माणसांच्या स्वतःच्या आहेत, आणि सरकारी इमारत ही त्यांच्यासाठी नुसती इमारत नसते.

दूरवरच्या माणसाला तर प्रवासाचंच मोठं प्रकरण. राज्य सरकारं प्रवासखर्चाला मदत देतात, पण सोबत कोण जाणार, राहायचं कुठे, घरच्या नातवंडांना कोण पाहणार? वस्तीवरच्या आजी ही बहुतेक वेळा तीन-चार मुलांची सांभाळकर्ती असते. एका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तिला निदान तीन फेऱ्या पडतात : तपासणी, ऑपरेशन, नंतरची तपासणी.

थांबण्याने नेमकं काय बिघडतं? आपल्याकडे जुनी माणसं अजूनही म्हणतात, ‘मोतीबिंदू पिकू दे, मग काढू.’ पूर्वीच्या शस्त्रक्रियेत त्याला अर्थ होता. आजच्या फेको पद्धतीत ध्वनिलहरींनी भिंग फोडून बारीक छेदातून ओढून घेतात, तिथे मोतीबिंदू जितका जुना आणि कडक तितकं काम अवघड. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला सत्तरीपुढच्या स्त्रियांचे दोन गट करून पाहिलं होतं : एका गटाचं ऑपरेशन महिनाभरात, दुसऱ्याचं नेहमीच्या यादीप्रमाणे वर्षभराने. 2005 साली निकाल छापून आले. लवकर ऑपरेशन झालेल्या गटात पडण्याचं प्रमाण 34 टक्क्यांनी कमी होतं, हाडंही कमी मोडली. ऑस्ट्रेलियाच्या यादीतल्या तिसऱ्या गटाचे 365 दिवस ‘निरुपद्रवी’ नाहीत एवढं त्यावरून समजतं. ऑस्ट्रेलियात गाडी चालवण्यासाठी साधारण 6/12 इतकी नजर लागते, म्हणजे चांगल्या नजरेला 12 मीटरवरून जे वाचता येतं ते निदान 6 मीटरवरून तरी वाचता यायला हवं. वाळवंटातल्या वस्तीत परवाना गेला की दुकान, दवाखाना, नातलग सगळंच दुरावतं.

यावर काहीच झालं नाही असं मात्र नाही. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले नेत्रतज्ज्ञ फ्रेड हॉलोज हे या कथेतलं मोठं नाव. 1971 साली सिडनीच्या रेडफर्न भागात ॲबोरिजिनल लोकांनी स्वतः चालवायचा दवाखाना सुरू झाला, त्याच्या उभारणीत ते होते. 1976 पासून त्यांनी खुपरी आणि इतर नेत्ररोगांसाठी देशभर मोहीम काढली, शेकडो वस्त्यांमध्ये पथकं नेली. स्वभावाने फटकळ, सरकारी बाबूंना न जुमानणारा माणूस. 1993 मध्ये ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे न्यू साउथ वेल्समधल्या बर्क या आडगावी त्यांना पुरलं आहे. त्यांच्या नावाच्या संस्थेने नंतर काठमांडू आणि एरिट्रियातल्या अस्मारा इथे स्वस्त कृत्रिम भिंगांचे कारखाने उभे करायला मदत केली.

2012 साली ह्यू टेलर यांच्या गटाने उपायांचा एक आराखडा मांडला. त्यात 42 शिफारशी होत्या. रुग्णाच्या प्रवासाला त्यांनी गळक्या नळाची उपमा दिली : नर्सपासून चष्म्यापर्यंतच्या वाटेवर पाणी ठिकठिकाणी गळतं, एखादं भोक बुजवून खालच्या टोकाला धार वाढत नाही, सगळी बुजवावी लागतात. मला ही मांडणी पटते, कारण ती ‘अजून दोन सर्जन नेमा’ या सोप्या उत्तरावर थांबत नाही. सर्जन नेमले आणि ओपीडीत आणणारा समन्वयक नसला, तर ऑपरेशनची टेबलं रिकामी राहतात आणि मग कुणीतरी म्हणतं, बघा, लोकच येत नाहीत.

ॲलिस स्प्रिंग्जमध्ये एक वेगळा मार्ग काढला गेला. वर्षात काही ठरावीक आठवडे फक्त डोळ्यांच्या ऑपरेशनांसाठी राखायचे, दूरच्या वस्त्यांतून गाड्या भरून रुग्ण आणायचे, ओळखीची माणसं सोबत ठेवायची, राहायची सोय एकत्र करायची आणि एका आठवड्यात डझनावारी डोळे उघडायचे. आपल्या शिबिरांची आठवण व्हावी असंच हे. एकाच वस्तीतल्या चार आज्या मिळून येतात, त्यामुळे भीती निम्मी होते. याची दुसरी बाजूही आहे. शिबिर साचलेलं काढतं, रोज नव्याने साचणाऱ्याचं काय? दोन शिबिरांच्या मध्ये मोतीबिंदू झालेल्याला पुढच्या राखीव आठवड्याची वाट पाहावीच लागते. पश्चिमेकडे किम्बर्ली भागात म्हणून फिरत्या नेत्र-व्हॅन, ऑप्टोमेट्रिस्टच्या खोलीतून व्हिडिओवर सर्जनशी बोलणं आणि तिथल्या ब्रूम गावात कायमचं केंद्र असा मार्ग धरला गेला. व्हिडिओवर सर्जनने पाहिलं की ओपीडीची एक फेरी वाचते, आणि लपलेली यादी तेवढी आखूड होते.

फरक पडला का? पडला. 2008 मध्ये अंधत्वातली तफावत सहा पट होती, 2016 च्या पाहणीत ती तीन पटीवर आली. दोन्ही पाहण्यांची पद्धत तंतोतंत एक नव्हती, तरी दिशा खरी मानायला हरकत नाही. पुढे 2020 च्या मार्चअखेर करोनामुळे तातडीची नसलेली ऑपरेशनं देशभर थांबवली गेली, आणि तिसऱ्या गटातला मोतीबिंदू सर्वांत आधी बाजूला पडला.

मग सरळ यादीतच मूळनिवासींना वर का घेऊ नये? तिसऱ्याऐवजी दुसऱ्या गटात, म्हणजे 365 ऐवजी 90 दिवसांत? ही सूचना चर्चेत असते. तिच्यावर वाद कसा पेटतो ते शेजारच्या न्यूझीलंडने दाखवलं. 2023 च्या सुरुवातीला ऑकलंडच्या सरकारी रुग्णालयांत यादीचा क्रम लावताना पाच गोष्टी पाहणारी गुणपद्धत वापरात आली : आजाराची तातडी, किती दिवस थांबले, राहण्याचं ठिकाण, गरिबी आणि वंश. माओरी (तिथले मूळनिवासी) आणि पॅसिफिक बेटांवरच्या रुग्णांना यात काही गुण जास्त मिळत. जूनमध्ये बातमी फुटली आणि गदारोळ झाला. ‘वंश पाहून ऑपरेशन’ हा मथळा सोपा होता. तातडी हा पहिला निकष होता आणि ही पद्धत आधीच्या यादीतला कल दुरुस्त करण्यासाठी आणली होती, हे सांगायला परिच्छेद लागत होता. निवडणुकीचं वर्ष होतं, मथळा जिंकला.

माझं मत विचाराल तर, मोतीबिंदूच्या बाबतीत गुण देण्याआधी घड्याळ मागे न्यावं. ज्या दिवशी चिठ्ठी लिहिली त्या दिवसापासून प्रतीक्षा मोजली, तर यादीत दहा महिने उशिरा शिरलेल्या माणसाचे ते दहा महिने त्याच्या नावावर जमा होतील आणि तो आपोआप वर सरकेल. त्याचा वंश विचारायचीही गरज पडणार नाही. मधुमेहाचा, भीतीचा किंवा पत्त्याचा प्रश्न याने सुटत नाही, आणि जे चिठ्ठीपर्यंतही पोहोचले नाहीत ते तरीही बाहेरच राहतात. त्यांच्यासाठी वस्तीवर फेरीच वाढवावी लागते.

किंटोरच्या बाईंकडे परत येऊ, कारण त्यांचं काम अजून संपलेलं नाही. त्यांचा एक डोळा झाला. मोतीबिंदू बहुधा दोन्ही डोळ्यांत असतो, आणि दुसऱ्या डोळ्याची नोंद सहसा पहिला बरा झाल्यावर वेगळी होते. वेगळी नोंद, वेगळी तारीख, पुन्हा साखरेची तपासणी, पुन्हा 500 किलोमीटर. मधल्या काळात चष्म्याचा नंबर बदललेला असतो, आणि तो काढून देणारा ऑप्टोमेट्रिस्ट पुढच्या फेरीला येणार असतो.